एका ओळीचा गायक

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून पूर्ण वेळ इंडिपेंडंट म्युझिशियन. शनिवारी वाळूजच्या कंपनीतला शेवटचा दिवस झाला. नऊ वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला काढली. पार्ट उचलायचा, मोजायचा, खराब निघाला तर लाल ट्रेमध्ये टाकायचा. निरोपाला ढोकळा आणि भिंतीवरचं घड्याळ. सगळे म्हणाले, गोकुळभाऊ, एक गाणं होऊन जाऊ द्या. हवं होतं हळदीतलं नाचायचं गाणं. मी नाही म्हणालो. अक्षरशः किळस आली. कलाकाराचा निरोपसुद्धा यांना वरातीसारखा पाहिजे.

ठरलं ते असं. लग्न, हळद, बारसं सगळं बंद. दुसऱ्याची गाणी बंद. फक्त ओरिजनल. रोज पहाटे पाच ते सात रियाज. आज सात वाजून गेले, म्हणून उद्यापासून. डिसेंबरपर्यंत अल्बम. पुढच्या वर्षी पुणे-मुंबई.

तनुजा हॉस्पिटलला ड्युटीवर निघताना तिला हे सगळं वाचून दाखवलं. चपला घालता घालता म्हणाली, तू कर, मी आहे. पण लग्नं बंद केली ते रिझवानला विचारलंस का?

सहा वर्षांच्या संसारात कलेबद्दल एक प्रश्न विचारला, तोही दुसऱ्याबद्दल.

६ ऑगस्ट, बुधवार

पाचला उठलो. नळाला पाणी आलं होतं. सहा दिवसांनी. बिल्डिंगमधल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. सगळ्या मिळून बरोबर काळी दोन पट्टीत घुमतात. त्या पट्टीत रियाज केला असता, पण मोटारीनं पट्टी ठरवायची आणि मी गायचं, हे मला मान्य नाही. पाणी भरलं. पिंप, बादल्या, पातेली, शेवटी पाण्याच्या बाटल्या. मग झोपलो.

या शहरात संगीत का होत नाही, यावर कुणीतरी लिहायला पाहिजे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रिझवानला सांगितलं. शहागंजात त्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे. दिवसा तिथं कापड मोजतो, बाकी वेळ कीबोर्ड वाजवतो. कॉलेजपासून अकरा वर्षं आम्ही दोघं. म्हणजे मी गातो, तो मागं वाजवतो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. चार लग्नं घेऊन ठेवलीत म्हणाला. मी म्हणालो, रिझवान, आपण विकाऊ नाही. त्यानं परकराच्या कापडाची घडी घातली आणि म्हणाला, हौ भाई, तू मत आ. मैं दुसरा गानेवाला देखता.

दुसरा. इतक्या सहज. घडी घालता घालता. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाची हीच मर्यादा. दया आली.

तरी माझ्या गाण्याला कीबोर्ड तो वाजवणार आहे. हे त्यानं न मागताच कबूल केलं. माझ्या कामाची त्याला आतून ओढ आहेच.

२५ ऑगस्ट, सोमवार

पहिलं ओरिजनल रिलीज झालं. ‘रिक्ततेचा परीघ’. सात मिनिटं चाळीस सेकंद. बेडरूममध्ये रजई पांघरून रेकॉर्ड केलं. मुद्दाम ताल ठेवला नाही. ताल हा श्रोत्याला दिलेला लाडू आहे.

तीन कॉमेंट. एक तनुजाचा अंगठा. एकानं फुलं पाठवली, तो सगळ्यांनाच पाठवतो. एकानं विचारलंय, पिसादेवीकडं प्लॉट घ्यायचा आहे का.

संध्याकाळी वैजापूरहून बाबांचा फोन. बियाण्याच्या दुकानात बसून ऐकलं म्हणाले. आवाज चांगला हाय, गोकुळ. पण मी शेवटपर्यंत वाट पाहिली, गाणं कव्हा सुरू होतंय?

फोन ठेवला. ज्या माणसानं आयुष्यभर कपाशीची पाकिटं विकली, त्याच्याकडून मी काय अपेक्षा करणार.

१४ सप्टेंबर, रविवार

कॅनॉटमधल्या एका कॅफेत सोलो शो. मालक आकाश, वय पंचविशीचं, गळ्यात हेडफोन. आधी म्हणाला, सर, आम्हाला तुमच्यासारखं सीरियस काहीतरी पाहिजे. दुसऱ्या गाण्याला जवळ येऊन कानात म्हणाला, सर, जरा बारीक आवाजात, लोकांना बोलता येत नाहीये.

मी गाणं अर्ध्यावर सोडलं. गिटार उचलली आणि निषेध म्हणून बाहेर पडलो. क्रांती चौकापर्यंत आल्यावर लक्षात आलं, माइकचा स्टँड माझा होता. परत गेलो. माझ्या जागेवर एक जोडपं बसलं होतं, स्टँडला त्यांनी हेल्मेट अडकवलं होतं. मी गेलो होतो, हे कुणाला कळलंच नव्हतं. आकाशनं विचारलं, सर, ब्रेक झाला का?

या पब्लिकचा उबग आला आहे. फ्रेंच फ्राइज खाणारं तोंड आणि ऐकणारा कान एकाच माणसाला असू शकत नाहीत.

२८ सप्टेंबर, रविवार

रिझवाननं गळ घातली म्हणून लासूर स्टेशनला गेलो. महिला बचत गटाचा मेळावा. तो वाजवणार, मी फक्त निरीक्षण करणार, असं आधीच बजावलं होतं. मंडप, निळ्या खुर्च्या, पोहे. भाषणं झाली. मग एक बाई माइकवर आली. सत्यभामाबाई. पंचावन्नच्या आसपास. तिची गावातच पिठाची गिरणी आहे, गिरणीच्या आवाजात ओरडून बोलून गळा फाटलेला. केसात पीठ होतं की पिकले होते, ते लांबून समजलं नाही.

म्हणाली, मी एक गाणं केलंय. माझा लेक चाकणला हाय, त्याच्यावर.

जेवला का म्हणलं, व्हय आई म्हणतो,
थंडी हाय का म्हणलं, हाय आई म्हणतो,
दिवाळीला कव्हा येतो म्हणलं, की म्हणतो,
आवाज येत नाय, आई, आवाज येत नाय.

एवढंच. चार सूर. त्यातला एक चुकीचा. रिझवान घाईघाईत मागं काहीतरी धरायला लागला. पहिल्या कडव्याला मंडप हसला. दुसऱ्याला हसला. तिसऱ्या कडव्यात ती म्हणाली, गुडघा दुखतोय म्हणलं, आवाज येत नाय. तेव्हा माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून रडत होती. मी आजूबाजूला पाहिलं. निम्मा मंडप तसाच.

मला शिसारी आली. मी सात मिनिटं चाळीस सेकंद रिक्तता मांडतो, तेव्हा कुणी डोळे पुसत नाही. इथं गुडघा दुखला की पूर.

परत येताना रिझवान तीच चाल गुणगुणत होता. सावंगीच्या अलीकडं एकदम म्हणाला, गोकुळ, ये गाना रेकॉर्ड करना पडता. मी म्हणालो, हे गाणं नाही, तक्रार आहे. तो म्हणाला, हौ ना. वहीच तो.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी

शहागंजात, रिझवानच्या दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंग. चारी बाजूंनी कापडाचे तागे रचलेले, त्यामुळं बाहेरचा आवाज आत येत नाही. हे मला अकरा वर्षांत त्यानं कधी सांगितलं नाही.

मी प्रोड्यूसर म्हणून गेलो होतो. कुणी तसं म्हटलं नव्हतं, पण कुणीतरी जबाबदारी घ्यायला हवी. बाईंसाठी शब्दही सुधारून नेले होते. ‘ध्वनीच्या या निर्जन किनारी हाक तुझी विरघळते, आई.’ बाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाल्या, लई छान हाय. पण असं कुणी घरात म्हणतं का, दादा? मी समजावून सांगितलं की कविता घरात म्हणायची गोष्ट नाही. त्या म्हणाल्या, मग मी कुठं म्हणू? मला घरातलंच सांगायचं हाय.

कागद व्यवस्थित घडी करून पिशवीत ठेवला. तेवढी समज आहे.

मग अडलं. लेकाची ओळ बाईंनीच म्हटली की मजा जाते, पुरुषाचा आवाज पाहिजे, असं रिझवानचं मत. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी नकार दिला. चहा झाला. परत नकार दिला. शेवटी आटपावं म्हणून माइकसमोर गेलो आणि भयंकर वैतागून म्हणालो, आवाज येत नाय, आई, आवाज येत नाय.

रिझवान म्हणाला, बस. ऐसाच चाहिये था, चिढ के. एकदा तरी मला परत करू दे म्हणालो. नको म्हणाला.

सत्यभामाबाईंनी चष्मा काढला. माझ्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. माझ्या आवाजाचा दर्जा त्यांना जाणवला असावा.

२ नोव्हेंबर, रविवार

गाणं बाहेर पडून तीन आठवडे. आज भाजी घेताना मेथीवाल्याच्या फोनवर. रिक्षात. बिल्डिंगच्या वॉचमनकडं. तनुजाच्या हॉस्पिटलमध्ये वॉर्डातल्या सगळ्या नर्सेसची रिंगटोन. डॉक्टरनं बोलावलं की एकमेकींना म्हणतात, आवाज येत नाय. तनुजा हे हसत हसत सांगत होती. मी जेवत होतो. ताट सारलं.

ती म्हणाली, अरे, पण तुझाच आवाज आहे ना तो? मी म्हणालो, तो माझा आवाज नाही. ते माझे सात सेकंद आहेत, जे माझ्याकडून काढून घेतले.

रिझवानला फोन करून सांगितलं, माझं नाव काढ. माझ्या कामाला डाग लागतोय. त्यानं लगेच काढलं. फोन चालू असतानाच काढलं. निदान विचार कर म्हणायला हवं होतं.

९ नोव्हेंबर, रविवार

आता थांबायचं नाही. ७ डिसेंबरला स्वतःची मैफल. ‘परीघ : एक अनुभव’. उस्मानपुऱ्यातला एक हॉल बुक केला. दोनशे खुर्च्या सांगितल्या. लोक उभे राहिले तर बरं दिसत नाही, म्हणून अडीचशे केल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

रिझवान येणार नाही.

७ तारखेलाच वैजापूरला सत्यभामाबाईंचा कार्यक्रम आहे. आधी ठरलेला. दुकानात गेलो. त्याचे अब्बा गल्ल्यावर, दोन गिऱ्हाइकं समोर, तरी मी बोललो. म्हणालो, तू वाजवणारा होतास, आता धंदेवाईक झालास. गिरणीवालीच्या मागं फिरतोयस. मी नसतो तर तू आजही कापड मोजत असतास.

तो म्हणाला, मी आजही कापड मोजतोय. मराठीत म्हणाला. चिडला की तो मराठीत येतो.

मग मला बाहेर घेऊन आला. म्हणाला, गोकुळ, अकरा वर्षं मी तुझ्या गळ्याच्या हिशेबानं पट्टी लावली. तुझा घसा बसला तर खाली, तुझा मूड असला तर वर. तू कधी विचारलं का, रिझवान, तुला काय वाजवायचंय? त्या बाईनं पहिल्या दिवशी विचारलं.

मी म्हणालो, मग जा तिच्याकडं. तो म्हणाला, जातोच आहे.

फारच इमोशनल. कामात असं चालत नाही. घरी येताना गुलमंडीत दोनदा रस्ता चुकलो. खोदकामामुळं.

७ डिसेंबर, रविवार. रात्रीचं जेवण झाल्यावर

अनुभव झाला.

नऊ जण. तनुजा धरून. दोघं जण आयुर्वेदाच्या शिबिराला आले होते, ते पुढच्या रविवारी आहे. बसलोच आहोत तर ऐकतो म्हणाले. हॉलचा मॅनेजर दारात उभा होता, त्याला धरत नाही.

कीबोर्ड नव्हता. गिटारवर एकटा. तिसऱ्या गाण्याला तनुजा झोपली. सलग दोन ड्युट्या करून आली होती. अडीचशे खुर्च्यांत नऊ माणसं आणि त्यातली बायको झोपलेली. मला गाताना तेवढंच दिसत होतं. शेवटी विचारलं, काही फर्माईश? आयुर्वेदवाल्यांपैकी एक म्हणाले, ते आवाज येत नाय येतं का?

मी म्हणालो, येत नाही.

तनुजाला रिक्षात बोललो. ती म्हणाली, सॉरी, पण खरं सांगू का, तू गात होतास तेव्हा शांत वाटलं. मी म्हणालो, झोप ही दाद नसते. ती म्हणाली, तीन दिवसांनी लागली होती, गोकुळ. घरी आल्यावर तिनंच पिठलं टाकलं.

आत्ता बाबांचा फोन येऊन गेला. वैजापूरच्या कार्यक्रमाला गेले होते. माझ्या मैफलीला येणार होते, पण गाडी चुकली, मग तिथं गेले म्हणाले. लई गर्दी होती. तुझी ती ओळ टेपवर वाजवली. मी शेजारच्याला सांगितलं, ह्यो माझा पोरगा. त्याला खरं वाटंना.

दोनदा विचारलं, तुला ऐकू येतंय ना? येतंय म्हणालो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

वाळूजला गेलो होतो. नोकरी मागायला नाही, सहज. माझ्या जागेवर अपेक्षा नावाची मुलगी आली आहे. माझ्यापेक्षा दुप्पट पार्ट बघते, असं सुपरवायझर माझ्याच समोर म्हणाला. लाल ट्रे मात्र रिकामा होता. लक्ष नसणार.

अल्बमबद्दल : डिसेंबर ही मुळात चुकीची वेळ. थंडीत गळा धरतो.

३० डिसेंबर, मंगळवार

रिझवानला माफ करायचं ठरवलं. वर्ष संपायच्या आत झालेलं बरं. दुपारी शहागंजात गेलो. माडीवर सत्यभामाबाई होत्या, तालीम चालू होती. मी दारात उभा. कुणी थांबलं नाही. गाणं संपल्यावर रिझवाननं विचारलं, चाय पीता? हो म्हणालो. एवढंच. माफी मागायची त्याची पद्धत असेल.

बाई सांगत होत्या, गाणं ऐकून लेकाचा चाकणहून फोन आला. लई भांडला. माझी बदनामी केली म्हणाला, मित्र हसतात म्हणाला. मी विचारलं, मग बंद करायचं का गाणं? बाई म्हणाल्या, कशाला? आता रोज फोन करतो. भांडायला का होईना. कालच्याला पाऊण तास बोलला.

मग रिझवान म्हणाला, टेपवाली लाइन जमत नाही. बाई दर कार्यक्रमात प्रश्न बदलतात, टेप आधी तरी येते नाहीतर उशिरा. माणूस उभा पाहिजे. माझ्याकडं पाहिलं नाही, कीबोर्डच्या वायरी गुंडाळत बोलला.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. मला एका ओळीपुरतं वापरून घेणं किती हीन आहे, हे बोलायचं होतं, पण चहा गरम होता.

तालीम मंगळवारी आणि शनिवारी असते. आज मंगळवारच होता, म्हणून थांबलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

गंगापूर तालुक्यात महिला मेळावा. माझा पाचवा कार्यक्रम. माझी जागा रिझवानच्या मागं, उजवीकडं, कानाला फोन लावून. बाहेर लोकांना सांगायला मी याला थिएटर म्हणतो. एका कार्यक्रमात साधारण पंधरा वेळा ओळ म्हणतो. दुसऱ्या कडव्यापासून बायका मला शिव्या देतात. परवा एकीनं केळाची साल फेकली. लोकांना पात्र आणि कलाकार यातला फरक कळत नाही. तिटकारा येतो, पण काम म्हणून घेतो.

आज बाईंनी नेहमीचं म्हटलं. जेवला का. थंडी हाय का. मग वाद्य थांबलं आणि त्यांनी नवीनच विचारलं, तालमीत नसलेलं. माझ्याकडं वळून, अगदी साध्या आवाजात, गिरणीच्या नाही.

तुला रागवाया मी काय केलं रे?

मला ओळ म्हणायची होती. फोन कानाला होता. बाईंच्या कपाळावर घाम होता, डोळे थेट माझ्याकडं. रिझवाननं एकदा मागं पाहिलं. मला काहीतरी वेगळं सांगायचं होतं, काय ते आत्ताही लिहिता येत नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग म्हणालो. आवाज फुटलाच नाही नीट. आवाज येत नाय, आई.

हजारभर बायका, आणि कुणी शिवी दिली नाही.

खाली उतरल्यावर रिझवानला म्हणालो, एंट्री चुकली, सॉरी. तो म्हणाला, आज गाया तू. पहली बार. आणि स्पीकर सोडवायला गेला.

यावर वाद घालता आला असता. अकरा वर्षांत मी काय केलं मग? पण स्पीकर जड होता, त्याचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं.

गाडीत सामान चढवताना एक म्हातारी काठी टेकत आली. माझा दंड पकडला. म्हणाली, तूच ना त्यो? मला वाटलं, चला, निदान एकीला कळलं. तिनं दंडावर चांगलीच चापट मारली. लाज वाटू दे जरा, म्हणाली. माय एवढी इचारती, आन तू मुक्यावानी उभा. मी म्हणालो, मावशी, मी तो मुलगा नाही. मी कलाकार आहे, माझी स्वतःची गाणी आहेत. ती म्हणाली, असतील. घरी जाय आधी.

पुढच्या सीटवर सत्यभामाबाई बसल्या, रिझवान गाडी चालवायला. मागं दोन स्पीकर, कीबोर्ड, वायरींची पेटी. बाईंनी मला विचारलं, जागा होतेय का? होतेय म्हणालो. लासूर स्टेशनपर्यंत कीबोर्ड मांडीवर होता.